जीपच्या बॉनेटखालचा ‘टिक’ आवाज

आजचा एपिसोड एका जळलेल्या बटणामुळे सुचलाय.

आमच्या काकांकडे जुनी महिंद्रा जीप आहे. मागच्या पावसाळ्यात आंबोलीला जायचं म्हणून मी तिच्या बंपरवर दोन जास्तीचे लाइट बसवले. बीटेक झालोय, दोन वायरी जोडायला काय लागतं? बॅटरीवरून वायर घेतली, डॅशबोर्डच्या बटणातून फिरवून लाइटला दिली. घाटात धुकं दाटलं, लाइट लावले आणि थोड्या वेळात प्लास्टिक जळल्याचा वास! काका ओरडले, “अरे, आधी बॅटरीची वायर काढ, मग विचार कर!” फ्यूजही मी टाकला नव्हता, हे त्यांना अजून सांगितलेलं नाही. हा एपिसोड ऐकला तर कळेलच.

हिशोब सोपा होता, मीच केला नाही. ५५ वॉटचे दोन दिवे म्हणजे ११० वॉट. १२ व्होल्टवर ९ अँपिअरच्या वर करंट. बटण होतं छोट्या दिव्याचं. शिवाय बारीक आणि लांब वायरीत व्होल्टेज पडतं. ते १२ वरून साडेदहावर आलं, तर हॅलोजनचा उजेड एक तृतीयांशाहून जास्त घटतो. म्हणजे वायर तापते आणि रस्ताही दिसत नाही.

दुसऱ्या दिवशी वायरिंगवाले मिस्त्री हसले. “दादा, बटणानं लाइट लावायचा नसतो. बटणानं रिले लावायचा, लाइट रिले लावतो.”

हे वाक्य जवळपास दोनशे वर्षं जुनं आहे बरं का. १८३५ च्या सुमारास अमेरिकेत प्रिन्स्टनला जोसेफ हेन्री नावाचे प्राध्यापक वर्गात एक प्रयोग दाखवायचे. एका मोठ्या विद्युतचुंबकाला जड वजनं लटकवलेली असायची. हेन्री लांबून, बारीक तारेतून थोडासा करंट सोडायचे. त्यानं एक छोटा चुंबक हलायचा, तो मोठ्या चुंबकाचा सर्किट तोडायचा आणि वजनं धाडकन खाली! छोट्या करंटनं मोठ्या करंटला हुकूम द्यायचा, एवढीच युक्ती.

पुढे तारयंत्राला तीच लागली. १८४४ मध्ये मोर्सची वॉशिंग्टन–बाल्टिमोर तार सुरू झाली. लांब तारेत करंट पोचेपर्यंत दमतो. मग तिकडे रिले ठेवायचा: दमलेल्या करंटनं फक्त कॉइल ओढायची, पुढचं काम तिथली ताजी बॅटरी करणार. नावही तिथूनच आलं. टप्प्यावर थकलेला घोडा बदलून ताजा घ्यायचा, त्याला रिले म्हणत.

आता माझ्या धंद्याचा भाग. १९४१ मध्ये जर्मनीत कोनराड झूसेनं झेड-३ हा संगणक बनवला, तो सुमारे २,६०० रिलेंचा. आणि ९ सप्टेंबर १९४७ ला हार्वर्ड मार्क-२ च्या एका रिलेत पतंग अडकलेला सापडला. लोकांनी तो वहीत चिकटवून ठेवला. (‘बग’ हा शब्द मात्र त्याआधीचा, एडिसनही वापरायचा.) गंमत बघा, त्याच १९४७ मध्ये मुंबईत महिंद्रानं विलीजच्या जीप जोडायला सुरुवात केली.

त्या जीपची लष्करी आई, विलीज एमबी, ६ व्होल्टवर चालायची. तिचे हेडलाइट बिजागरीवर होते. मागे उलटवले की इंजिनावर उजेड पडायचा. रात्री दुरुस्ती करणाऱ्या सैनिकाची सोय केलेली, पण जास्तीच्या दिव्यांचा विचार कुणी केला असेल असं वाटत नाही.

रिलेच्या पिना बघितल्या की मला एपीआय आठवतो. ८५ आणि ८६ ही कॉइल: एक बटणाकडे, दुसरी अर्थिंगला. ३० वर बॅटरीची जाड वायर, बॅटरीच्या जवळच फ्यूज टाकून. ८७ वरून लाइट. हे आकडे जर्मनीच्या डीआयएन प्रमाणातले. त्यामुळे आमच्या गल्लीतल्या दुकानात घेतलेला रिलेही तेच नंबर बोलतो. कॉइल खाते जेमतेम दीड-दोनशे मिलिअँपिअर. बटण गारच राहतं.

आम्ही परत आंबोलीला गेलो. धुक्यात काकांनी बटण दाबलं, बॉनेटखाली ‘टिक’ झालं आणि समोरचं वळण पांढरं पडलं. समोरून एसटी आली तसं काकांनी पुन्हा बटण दाबलं. पुन्हा ‘टिक’.

“हे काय वाजलं रे?” काकांनी विचारलं.

मी म्हटलं, “तारयंत्र.”