पगारावर ठेवावं की कामापुरतं द्यावं? छोट्या धंद्यात माणूस घेताना

आपल्याकडे नवा धंदा बहुतेक घरातूनच सुरू होतो. भाऊ माल बघतो, भाची इन्स्टाग्राम सांभाळते, हिशेब अब्बांच्या वहीत. ऑर्डरी वाढल्या की बाहेरचा माणूस लागतो आणि सवाल उभा राहतो: याला महिन्याच्या पगारावर ठेवायचं, की काम झालं की पैसे द्यायचे? "ओळखीचाच मुलगा आहे, बघू पुढे" असं म्हणून विषय टाळला जातो. पुढचे बरेच वाद इथूनच सुरू होतात.

फरक नेमका काय?

फिकहमध्ये हा फरक फार जुना आहे. अजीर-ए-खास म्हणजे ठरलेल्या वेळेसाठी एकाच मालकाकडे काम करणारा. तो वेळेवर हजर राहिला की उजरतीचा हकदार, मग त्या दिवशी काम कमी निघालं तरी. अजीर-ए-मुश्तरक म्हणजे शिंपी, रंगारी, धोबी यांच्यासारखा अनेकांची कामं घेणारा. त्याला उजरत पुऱ्या केलेल्या कामाची. आजचे कर्मचारी आणि फ्रीलान्सर ढोबळमानाने हेच दोघे.

देशाचा कायदाही नावापेक्षा प्रत्यक्ष व्यवहार बघतो. १९७३ साली सुप्रीम कोर्टासमोर सिल्व्हर ज्युबिली टेलरिंग हाऊसचा खटला होता. कारागिरांना नगामागे पैसे मिळत. पण मशिनं मालकाची, आणि शिलाई पसंत नसेल तर पुन्हा शिवून घेण्याचा अधिकारही मालकाचा. कोर्टाने कारागिरांना कर्मचारीच मानलं. म्हणजे करारावर "फ्रीलान्सर" लिहिलं म्हणून जबाबदारी टळत नाही.

स्वतःला हे विचारा:
- कामाची वेळ आणि पद्धत कोण ठरवतं?
- लॅपटॉप, मशीन, जागा कोणाची?
- तो इतरांचं काम घेऊ शकतो का?
- काम एकदाचं आहे की रोजचं?

बहुतेक उत्तरं "आपलं, आपण, रोजचं" अशी आली तर तो कर्मचारी आहे, असंच समजून चाला.

कर्मचारी ठेवला तर

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या आहेत. छोट्या धंद्याने पुढच्या गोष्टी लक्षात ठेवाव्यात.

- पीएफ: २० किंवा जास्त कर्मचारी असतील तर. साधारणपणे दोन्हीकडून १२ टक्के.
- ईएसआय: १० किंवा जास्त कर्मचारी असतील तर, महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असणाऱ्यांसाठी. मालकाचे ३.२५ टक्के, कर्मचाऱ्याचे ०.७५ टक्के.
- ग्रॅच्युइटी: १० जणांपासून. सलग ५ वर्षं नोकरी झाल्यावर, दर वर्षामागे १५ दिवसांचा पगार. नव्या संहितेत ठराविक मुदतीच्या कर्मचाऱ्याला १ वर्षानंतरही हक्क आहे.
- बाळंतपणाची रजा: १० जणांपासून. आधीच्या १२ महिन्यांत ८० दिवस काम केलेलं असेल तर पगारी रजा, पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे.
- व्यवसाय कर: महाराष्ट्रात मालकाने पगारातून कापून भरायचा. वर्षाला जास्तीत जास्त २,५०० रुपये. महिना २५,००० पर्यंत पगार असलेल्या महिलांना माफ.

तीन-चार जणांच्या धंद्याला यातलं बरंच लागू होत नाही. पण त्याचा दुसरा अर्थ असा की कारागिराचा हात मशिनीत गेला तर ईएसआयचा दवाखानाही नाही. म्हणून नोकरी देतानाच आजारपण आणि अपघाताचं काय, हे ठरवून ठेवा. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला २० रुपयांत २ लाखांचं अपघाती संरक्षण मिळतं. विम्याबद्दल मनात शंका असेल तर आपल्या आलिमांना विचारा, पण सोय काहीतरी कराच.

फ्रीलान्सर घेतला तर

लोगो, वेबसाइट, वर्षाचा हिशेब, फोटो अशा सुट्या कामांना हा मार्ग ठीक. धंदा कंपनी किंवा भागीदारी असेल तर व्यावसायिक सेवेचं बिल वर्षाला ५०,००० रुपयांपुढे गेल्यावर १० टक्के टीडीएस कापावा लागतो, तांत्रिक सेवेला २ टक्के. कापलेला कर वेळेत भरून त्याला प्रमाणपत्र द्या, नाहीतर त्याला परतावा मिळवताना त्रास होतो.

फ्रीलान्सिंग करणाऱ्या आपल्या मुलामुलींनी उद्यम नोंदणी जरूर करावी. नोंदणी असलेल्या सूक्ष्म किंवा लघु व्यवसायाचे पैसे लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत द्यावे लागतात; करारच नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर व्याज मागण्याचा हक्क कायद्यात आहे. व्याज घ्यायचं नसेल तरी मुदतीकडे बोट दाखवता येतं.

काम कोणाच्या मालकीचं?

इथे बरेच जण फसतात. कॉपीराइट कायदा, १९५७ प्रमाणे कर्मचाऱ्याने नोकरीचा भाग म्हणून केलेलं लेखन किंवा सॉफ्टवेअर, वेगळा करार नसेल तर, मालकाचं. पण फ्रीलान्सरने लिहिलेला कोड किंवा मजकूर, पैसे दिले तरी, लेखी हस्तांतरण होईपर्यंत त्याचाच. हस्तांतरणात मुदत लिहिली नाही तर ती ५ वर्षंच धरली जाते. म्हणून मुदत आणि प्रदेश दोन्ही स्पष्ट लिहून घ्या.

कागदावर काय हवं?

कर्मचाऱ्याला नियुक्तीपत्र: हुद्दा, पगार, कामाचे तास, सुट्टी, नोटीस. जुमाच्या नमाजची आणि ईदच्या सुट्टीची बोलणीही तेव्हाच करा. फ्रीलान्सरशी करार: नेमकं काम, किती वेळा दुरुस्ती, तारीख, रक्कम, आगाऊ किती, मालकी कोणाची. पैसे दोघांनाही बँकेतूनच द्या, म्हणजे पुरावा राहतो.

लिहून घेणं म्हणजे अविश्वास, असा आपल्याकडे एक समज आहे. पण उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याचा हुकूम सूरह बकरहच्या आयत २८२ मध्ये आहे, आणि ती कुरआनातली सर्वांत लांब आयत मानली जाते. पुतण्या असो की शेजारचा मुलगा, उजरत आधी ठरवा, लिहा आणि वेळेवर द्या. त्याने त्याचा हक सुरक्षित राहतो आणि नातंही.