भिंतीतला परका गडी



झरीच्या या व्याख्यानमालेत कामगार चळवळीतल्या माणसाने फुटबॉलवर बोलावे, याचे कोणाला नवल वाटेल. परंतु १९५६ पर्यंत आपला परभणी जिल्हा हैदराबाद राज्यात होता, आणि त्याच हैदराबादच्या पोलीस संघाने १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे मुंबईचा रोव्हर्स चषक जिंकला. त्या संघाचे गुरू सय्यद अब्दुल रहीम हे पेशाने शाळामास्तर. तेव्हा हा खेळ आपल्याला परका नव्हे. त्यातल्या फ्री किकचा इतिहास आज थोडक्यात सांगतो.

१८६३ च्या इंग्रजी नियमांत चेंडू हातात झेलणाऱ्याला फ्री किक हे बक्षीस होते. १८७२ पासून ती हाताने चेंडू अडवणाऱ्याविरुद्धची दाद झाली. मात्र तिच्यावर थेट गोल करण्याची मुभा १९०३ साली मिळाली, आणि प्रतिपक्षाने सहाऐवजी दहा यार्ड दूर राहावे हे बंधन १९१३ साली आले. हक्क कागदावर मिळणे निराळे आणि पदरात पडणे निराळे, हे कामगाराला सांगायला नको.

बचावाचा उपाय म्हणजे भिंत. चार-पाच गडी खांद्याला खांदा लावून गोलाची एक बाजू झाकतात. दुसरी गोलरक्षक सांभाळतो. १९५७ साली ब्राझीलच्या डिडीने पेरूविरुद्ध त्यावर तोड दाखवली. चेंडू वाळल्या पानासारखा एकाएकी खाली उतरला.

खरा धडा मात्र १९७४ च्या विश्वचषकातला. पूर्व जर्मनीच्या भिंतीत ब्राझीलचा जायर्झिन्यो जाऊन उभा राहिला. रिव्हेलिनोने किक मारताच तो खाली पडला, आणि त्या फटीतून चेंडू जाळ्यात गेला. सामन्यातला तो एकमेव गोल. २०१९ साली नियम झाला की तीन किंवा अधिक गड्यांच्या भिंतीपासून किक मारणाऱ्या पक्षाने एक मीटर दूर राहावे.

एका संपात आमचीही भिंत अशीच फुटली. मालकाचा माणूस आमच्या सभांत बसे, आमच्याहून मोठ्याने घोषणा देई. ऐन वेळी तो बाजूला झाला. संप बुडाला, अठरा जणांची रोजी गेली. पुष्कळ वर्षे मी मालकाच्या ताकदीला दोष देत आलो. आज कबूल करतो, शेजारी कोण उभा आहे हे पाहण्याचे काम माझे होते. मैदानावर त्याला आता पंच आहे. आपल्या लढ्यात ते आपणच पाहायचे असते.