परसातील कोंबड्या आणि मानमोडी

परसातील चार कोंबड्या म्हणजे गरीब गृहिणीची गाठीची पुंजी. अंडी विकून घरात मीठमिरची येई. परंतु मानमोडीची साथ आली, की कोंबड्यांच्या माना वाकड्या होत आणि पाहता पाहता खुराडे ओस पडे. भारतात या रोगाची ओळख १९२७ च्या सुमारास कुमाऊंतील राणीखेत येथे पटली आणि त्या गावाचेच नाव त्यास मिळाले. १८८९ साली पुण्यात स्थापन होऊन १८९३ मध्ये मुक्तेश्वरास हलविलेल्या पशुरोग प्रयोगशाळेत पुढे १९४० च्या दशकात त्यावरील लस सिद्ध झाली. रोग जडल्यावर मात्र आजही इलाज नाही. लसीची एक कुपी शंभरांवर कोंबड्यांना पुरते, उघडल्यावर ती काही तासच टिकते. आणि परसात कोंबड्या असतात चार! म्हणून आळीतील सर्व घरांनी दिवस ठरवून एकत्र लस टोचून घेणे, यातच त्या पुंजीचे रक्षण आहे.