खाणीतली देवी

गेल्या वर्षी मे महिन्याच्या सुटीत धाकट्या बहिणीकडे लिव्हरपूलला जाण्याचा योग आला. विलायतेला जाऊन आलेला माणूस राजवाड्यांची आणि पुलांची वर्णने करून चारचौघांना हैराण करतो. ते पाप ऐन दिवाळीत मी वाचकांच्या माथी मारणार नाही. मला सांगायचे आहे ते एका लहानशा बागेविषयी.

लिव्हरपूलहून आगगाडीने तासाभराच्या आत चेस्टर गाठता येते. या गावाचे रोमन नाव ‘देवा’! नाव मूळचे तिथल्या डी नदीचे, आणि भाषापंडित त्याचा अर्थ ‘देवी’ असाच लावतात. म्हणजे हा शब्द आपल्या ‘देव’ शब्दाचा दूरचा भाऊबंदच. परमुलखात असा भाऊबंद भेटला की पाय आपोआप सैल पडतात. बहीण, तिची नऊ वर्षांची लेक आणि मी असे तिघे जुन्या दगडी पुलावरून नदी ओलांडून हँडब्रिज या वस्तीत आलो. पूल संपताच उजव्या हाताला बाग लागली. हिरवळ, मुलांचे झोपाळे, बाकावर बसलेली म्हातारी माणसे. आणि मध्येच तांबूस खडकाचा एक सुळका. त्या खडकात एक देवी उभी आहे.

बागेचे नाव ‘एडगर्स फील्ड’. एडगर हा इंग्लंडचा राजा. इ. स. ९७३ मध्ये तो चेस्टरला आला आणि मांडलिक राजांनी त्याच्याशी एकनिष्ठेची शपथ घेतली. जुन्या बखरीत हे राजे सहा आहेत. पुढे बाराव्या शतकातल्या बखरकाराने त्यांचे आठ केले, त्यांच्या हाती वल्ही दिली आणि एडगराला सुकाणूवर बसवून डी नदीतून मिरवले. गोष्ट सांगताना राजे कसे वाढत जातात हे मला वर्गात शिकवून ठाऊक आहे! एडगराचा वाडा याच शेतात होता असे सांगतात. पण वाड्याचा एक चिरा काही दिसत नाही. नाव तेवढे राजाचे राहिले.

देवी मात्र त्याच्याही आठशे-साडेआठशे वर्षे आधीची. इ. स. ७० नंतरच्या काही वर्षांत रोमन सैन्याने नदीच्या उत्तरेला तळ दिला. तट मातीचा, घरे लाकडाची. पुढे विसावी पलटण तिथे आली आणि इ. स. १०० च्या सुमारास तळ दगडात बांधून काढायचे काम सुरू झाले. सुमारे ६० एकरांचा तळ आणि पाच हजारांच्या आसपास माणसे! एवढा दगड आणायचा कोठून? तर नदीपलीकडच्या या खडकातून. आज जिथे पोरे चेंडू खेळतात ती रोमनांची दगडाची खाण.

या खाणीच्या उभ्या कड्यावर दुसऱ्या शतकाच्या आरंभी कोणी तरी देवळाचा दर्शनी भाग कोरला, आणि त्यात भाला घेतलेली, खांद्याशी घुबड असलेली मिनर्वा उभी केली. ब्रिटनमध्ये खडकात कोरलेले आणि मूळ जागेवरून न हललेले रोमन देवस्थान एवढे एकच, असे अभ्यासक सांगतात. मिनर्वा ही युद्धाची देवी खरी. पण ती विद्येची आणि हातच्या कारागिरीचीही. मार्चच्या १९ तारखेपासून रोमन लोक तिचा उत्सव करीत. त्यात विणकर, रंगारी, चर्मकार असत, तसेच शाळामास्तरही. मास्तरांना शिष्यांकडून जी दक्षिणा मिळे तिला देवीच्याच नावावरून ‘मिनर्वल’ म्हणत. हे कळल्यावर मी मनोमन हात जोडले हे कबूल करतो.

हात जोडायला आणखीही कारण होते. माझे आजोबा खाणीवर दगड फोडीत. खाणीच्या कडेला शेंदूर फासलेला एक तांदळा होता. खंडेनवमीला पहार, घण, छिन्नी धुऊन त्याच्यापुढे मांडायची, हळदकुंकू वाहायचे आणि नारळ फोडायचा. पुढे खडीची यंत्रे आली. टेकडी गेली, तिच्याबरोबर तांदळाही गेला. कोणी मुद्दाम फोडला नाही. काढून बाजूला ठेवावा एवढे कोणाच्या ध्यानातच आले नाही.

मग ही कशी राहिली? रोमन गेले, नवा धर्म आला, जुन्या मूर्ती फुटल्या. हँडब्रिजला वेल्श लोक ‘त्रेबोएथ’, म्हणजे जळकी वस्ती, म्हणत, इतक्यांदा ती पेटली. १६४४ ते १६४६ च्या वेढ्यातही जळाली. असे म्हणतात की मध्ययुगातल्या भाविकांना ही मूर्ती कुमारी मेरीची वाटली. याला पुरावा नाही, पण मला तरी ते पटते. बाईमाणसाची मूर्ती, रस्त्याच्या कडेला उभी. येणाऱ्याजाणाऱ्याने आपल्या घरातले नाव तिला द्यावे यात नवल काय? एकोणिसाव्या शतकात तिच्याभोवती दगडी चौकट आणि वर छप्पर बसवले गेले. ही जागा वेस्टमिन्स्टरच्या ड्यूकने १८९२ साली लोकांसाठी बाग म्हणून दिली.

पण पावसाशी कोण भांडणार? आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाण वेगळा आणि हा वाळूचा दगड वेगळा. तो कणाकणाने झरतो. चेहरा साफ गेला आहे. भाला, घुबड हे जुन्या अभ्यासकांनी काढलेल्या चित्रांच्या आधाराने ताडायचे. भाची बराच वेळ पाहत राहिली.

“मामा, घुबड कुठंय?”

मी बोटाने एक उंचवटा दाखवला. तिचे समाधान झाले नाही. तिने पिशवीतून वही काढली, खडकासमोर मांडी घातली आणि चित्र काढू लागली. घुबड तिने चांगले मोठे काढले, डोळ्यांसकट. तोवर पाऊस भुरभुरू लागला, आणि बहीण आम्हांला हाका मारू लागली.