यंत्राचा कान

माझी बहीण ठाण्यात राहते. तिच्या घरी यंदा गणपतीपासून एक वाद सुरू आहे, आणि दिवाळीचा फराळ तळून झाला तरी तो मिटण्याचे चिन्ह नाही. माझ्या भाच्याला चार वर्षांपूर्वी एक लहानसा इलेक्ट्रॉनिक ड्रमसंच घेऊन दिला होता. रबरी चकत्यांचा, कानाला हेडफोन लावून वाजवायचा. आता त्याला वरच्या दर्जाचा मोठा संच हवा आहे. त्याची किंमत ऐकून बहिणीने हातातली चकलीची सोऱ्या खाली ठेवली. भाऊजींचे म्हणणे एका वाक्यात संपते : "वाद्य बदलल्याने हात बदलत नाही." भाचा म्हणतो, "बाबा, मला हात बदलायचा नाहीच. हाताचं ऐकणारं काहीतरी हवंय."

या वादात मला पंच नेमण्यात आले. ढोलकी आणि ड्रम यांतला फरक मला केवळ आकाराने कळतो. पण जुनी पाने चाळण्याची खोड असल्यामुळे निकाल देण्याआधी या वाद्याचे कूळ शोधावे असे ठरवले. वाचकहो, ते कूळ वाटले होते त्याहून फार मोठे निघाले.

त्याचा मूळपुरुष कोणी वादक नव्हे. 1880 साली पॅरिसमध्ये झाक आणि पिएर क्यूरी या दोघा भावांना आढळले की काही स्फटिकांवर दाब दिला की त्यांच्यात वीज उत्पन्न होते. यांपैकी पिएर पुढे मेरी क्यूरींचे पती म्हणून जगाला माहीत झाले. आजच्या इलेक्ट्रॉनिक ड्रमच्या पोटात याच तत्त्वावर चालणारी एक पातळ चकती असते. काठी पडली की ती दबते, क्षणभर वीज उमटते, आणि ती वीज किती हे मोजून शेजारची पेटी ध्वनी काढते. म्हणजे ड्रमवर प्रत्यक्षात आवाज होतच नाही. तेथे फक्त ऐकले जाते. आवाज दुसरीकडे होतो.

ही कल्पना संगीतात यायला मात्र बराच काळ लागला. इंग्लंडमधील मूडी ब्लूज या वाद्यवृंदाचा ड्रमवादक ग्रॅम एज याने ससेक्स विद्यापीठातील प्राध्यापक ब्रायन ग्रोव्ह्ज यांच्या साहाय्याने असा एक संच तयार करवून घेतला आणि 1971 सालच्या ध्वनिमुद्रिकेत तो वाजवला. तो इतका लहरी होता की त्याचा संसार काही फार दिवस टिकला नाही. पण वाट पडली.

पुढची हकीकत जपानात घडते. इकुतारो काकेहाशी यांचा जन्म 1930 सालचा, ओसाकाचा. आईवडील क्षयाने गेले तेव्हा हे तान्हे मूल होते. सोळाव्या वर्षी घड्याळे दुरुस्त करू लागले. तरुणपणी त्यांनाही क्षयाने गाठले आणि काही वर्षे रुग्णालयात काढावी लागली. तेथून स्ट्रेप्टोमायसिन या नव्या औषधाने ते वाचले. या माणसाने 1972 साली रोलंड ही कंपनी काढली. 1980 साली तिने टीआर-808 नावाचे तालयंत्र बाजारात आणले. त्यातला ड्रमचा आवाज खऱ्या ड्रमसारखा नव्हता, म्हणून अनेकांनी नाके मुरडली आणि 1983 साली त्याचे उत्पादन थांबले. पण जुन्या बाजारात स्वस्त मिळणारे तेच यंत्र अमेरिकेतील गरीब वस्त्यांतल्या मुलांनी उचलले, आणि त्याच्या न-खऱ्या आवाजावर एका नव्या संगीताची इमारत उभी राहिली. आपल्या मुंबईतही चरणजित सिंग या वादकाने 1982 च्या सुमारास हेच यंत्र घेऊन त्यावर दहा राग वाजवून ठेवले. त्या वेळी त्या तबकडीकडे फारसे कोणी पाहिले नाही. जवळजवळ तीस वर्षांनी जग ती शोधत आले.

पण तालयंत्र हे बटणे दाबून चालवायचे. ज्याच्या हातात काठ्या आहेत त्याने काय करावे? त्याला उत्तर दिले इंग्लंडच्या डेव्ह सिमन्स यांनी. 1981 साली त्यांचा एसडीएस-फाइव्ह संच आला. षटकोनी आकाराच्या, चकचकीत रंगांच्या त्याच्या चकत्या दूरचित्रवाणीवर इतक्या झळकल्या की त्या दशकाचे चित्र डोळ्यांपुढे आणायचे तर त्या षटकोनांवाचून जमत नाही. मात्र चकत्यांचा पृष्ठभाग होता कठीण प्लास्टिकचा, पोलिसांच्या ढालींना वापरतात त्या जातीचा. त्यावर तास-दीड तास काठ्या आपटल्या की मनगटे आणि कोपरे ठणकू लागत. कातड्यावर पडलेली काठी उसळून परत येते. या ढालीवर पडलेली काठी आपला सगळा राग हातालाच परत देई. पुढे चकत्यांवर रबर चढले.

याच सुमारास एक प्रसंग घडला. ब्रिटनमधील डेफ लेपर्ड या वाद्यवृंदाचा ड्रमवादक रिक ॲलन 1984 च्या शेवटच्या दिवशी मोटार अपघातात सापडला आणि त्याचा डावा हात गेला. तेव्हा त्याचे वय एकवीस. एका हाताचा ड्रमवादक म्हणजे संपलेला ड्रमवादक, असे कोणीही म्हटले असते. पण रुग्णालयातल्या पलंगाच्या पायथ्याशी असलेल्या फोमच्या तुकड्यावर तो पायाने ताल धरू लागला. डाव्या हाताचे ठोके डाव्या पायाने द्यावेत असा संच त्याच्यासाठी तयार झाला. पायाखालच्या पट्ट्या दाबल्या की ड्रमचे आवाज उमटत. 1986 च्या ऑगस्टमध्ये डॉनिंग्टनच्या मैदानावर हजारोंच्या समोर तो पुन्हा वाजवायला बसला. हे वाचले तेव्हा भाऊजींचे वाक्य मला आठवले. वाद्य बदलल्याने हात बदलत नाही हे खरे. पण हात गेल्यावर वाद्य बदलून एक माणूस आपल्या जागी परत आला, हेही तितकेच खरे.

1985 साली रोलंडने ऑक्टापॅड आणला. आठ रबरी चौकोनांची ही पाटी मूळची मुकी. स्वतःचा आवाज नाही, दुसऱ्या यंत्राला हुकूम सोडायचा. वेगवेगळ्या कंपन्यांच्या यंत्रांना एकमेकांची भाषा कळावी म्हणून 1983 साली मिडी नावाची व्यवस्था सुरू झाली होती, तिच्या जोरावर हे शक्य झाले. पुढे या पाटीला स्वतःचा कंठ मिळाला. चित्रपटसंगीताच्या वाद्यवृंदांत ती शिरली, आणि मुंबईच्या बँजो पथकांनी तर तिला गणपतीच्या मिरवणुकीत मानाची जागा दिली. काकेहाशींच्या कारखान्यातले हे अपत्य लालबागच्या रस्त्यावर असे नांदू लागले की ते परदेशी आहे हे कोणी सांगूनही पटू नये.

आता वळतो खऱ्या प्रश्नाकडे. रबराने मनगट वाचले, पण रबर कातडे नव्हे. या बाबतीत एक जुना माणूस उपयोगी पडला. रेमो बेली यांनी 1957 साली अमेरिकेत वासराच्या कातड्याऐवजी मायलर या प्लास्टिकच्या पडद्याची ड्रमची पुडी काढली होती. दमट हवेत कातडे सैल पडते हे आपल्या तबलजींना सांगायला नको. बरोबर चाळीस वर्षांनी, 1997 साली, त्यांच्याच कंपनीच्या सहकार्याने रोलंडने टीडी-10 हा संच काढला. त्याच्या ड्रमवर जाळीदार कापडासारखी पुडी ताणलेली होती. जाळीतून हवा निघून जाते, म्हणून आवाज अगदी थोडा. पण ती ताणता येते, सैल करता येते, आणि काठी तिच्यावरून उसळून परत येते. 2016 च्या टीडी-50 मध्ये एकाच ड्रममध्ये अनेक संवेदक बसवले गेले. ठोका मध्यावर पडला की कडेला, काठी कशी टेकली, झांजेला हात लावून तिचा नाद थांबवला का, एवढे सारे यंत्राला कळू लागले.

म्हणजे या साऱ्या इतिहासात यंत्राचा गळा लवकर तयार झाला. उशीर लागला तो कान तयार व्हायला. महाग संचाचे जास्तीचे पैसे बहुतेक या कानाचे असतात.

एवढे सामान गोळा करून मी भाऊजींना आणि भाच्याला घेऊन दुकानात गेलो. भाऊजी दरवर्षी आरतीला ढोलकी वाजवतात हे मला ठाऊक होते. मी त्यांना म्हटले, "भाऊजी, काठ्या नकोत. नुसत्या बोटाने अगदी हलके वाजवून पाहा." आधी भाच्याकडे आहे तसल्या लहान संचावर त्यांनी बोट टेकवले. काही नाही. थोडा जोर दिला, तर एकदम ठण्‌ आवाज आला. मधले काही नाही. मग मोठ्या संचाच्या जाळीवर बोट फिरवले. हेडफोन त्यांच्या कानाला होते, त्यामुळे काय ऐकू आले ते आम्हांला समजले नाही. पण त्यांची बोटे थांबेनात. काही वेळाने त्यांनी हेडफोन काढून मुलाच्या डोक्यावर ठेवले आणि विचारले, "चार वर्षं तू हलका हात कशावर शिकलास रे?"

"शिकलोच नाही, बाबा. तेच तर सांगतोय."

निकाल असा झाला : सगळा संच नाही. आवाजाची पेटी आणि जाळीचा मधला ड्रम या पाडव्याला. झांजा पुढच्या वर्षी, आणि त्यांतले निम्मे पैसे भाच्याने शिकवण्या घेऊन मिळवायचे. पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमखाली जाड गादी घालायची ही अट बहिणीची, कारण हेडफोन लावले तरी पायाचा धक्का जमिनीतून खाली उतरतो आणि खालच्या मजल्यावरच्या आजींना तो दुपारच्या झोपेत पोचतो. त्यांच्याकडे फराळाचे ताट घेऊन भाचा स्वतः जाणार आहे.