नऊ आवाजांचं मेटल

९ डिसेंबर १९९३ रोजी अमेरिकी सिनेटपुढे व्हिडिओ गेममधल्या हिंसेवर सुनावणी झाली. जोसेफ लिबरमन आणि हर्ब कोल या सिनेटरांचा रोख मुख्यतः ‘मॉर्टल कॉम्बॅट’ आणि ‘नाइट ट्रॅप’ या गेमवर होता. दुसऱ्याच दिवशी टेक्ससमधल्या ‘इड सॉफ्टवेअर’ या चिमुकल्या कंपनीने ‘डूम’चा पहिला भाग विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या संगणकावर फुकट वाटायला ठेवायचं ठरवलं होतं. वाट पाहणाऱ्यांनी तिथे एवढी गर्दी केली, की खुद्द कंपनीलाच आत शिरायला जागा मिळेना. सिनेटरांना खरी धास्ती वाटावी असा गेम त्यांच्या सुनावणीतून एका दिवसाने सुटला, असं म्हणायला हरकत नाही.

आठ वर्षांपूर्वी, १९ सप्टेंबर १९८५ रोजी, सिनेटच्याच एका समितीपुढे रॉक संगीतातल्या शब्दांवर अशीच सुनावणी झाली होती. ‘ट्विस्टेड सिस्टर’चा डी स्नायडर तिथे जीन्स आणि बिनबाह्यांचं जाकीट घालून साक्षीला बसला होता. त्यातून पुढे अल्बमांवर पालकांसाठी इशाऱ्याची चिकटपट्टी आली, तर १९९४पासून गेमच्या खोक्यांवर वयोगटाचे शिक्के आले. आरोप तेच, उपायही जवळपास तेच. हेवी मेटल आणि व्हिडिओ गेम यांना अमेरिकेने असं एकाच पिंजऱ्यात उभं केलं, आणि दोन्हींचं नातं म्हणजे कवट्या, रक्त आणि सैतान, हा समज तेव्हापासून घट्ट झाला. मला तो वरवरचा वाटतो. नातं आहे, पण ते चित्रात कमी आणि सुरात जास्त आहे.

हे मला कळलं ते वडिलांमुळे. ते पेटीची साथ करत. सदाशिव पेठेतल्या आमच्या दोन खोल्यांत सकाळ-संध्याकाळ शिकवण्या चालत. १९९५च्या सुमारास मोठ्या भावाने कर्ज काढून संगणक घेतला आणि कुणाकडून तरी फ्लॉप्यांवर ‘डूम’ आणला. तेव्हापासून घरात भांडण सुरू. ‘हा कसला गोंगाट’ हे वाक्य रोजचं झालं. एका संध्याकाळी मात्र ते दारात येऊन उभे राहिले आणि म्हणाले, “अरे, याचा षड्ज हलतच नाही. आणि उतरताना पंचम टाळून तीव्र मध्यमावर येतोय.” एवढं बोलून पुन्हा शिकवणीला गेले. गेम बंद कर, असं त्या दिवशी म्हणाले नाहीत.

त्यांचं निदान अचूक होतं. ‘डूम’च्या पहिल्या पातळीच्या संगीताचा कणा म्हणजे एक ‘रिफ’, म्हणजे पुन्हा पुन्हा वाजणारा छोटा स्वरसमूह. गिटारची सर्वांत खालची तार, ई, हा षड्ज धरला तर तो सतत ठोकला जातो आणि त्याच्यावरून तार षड्ज, कोमल निषाद, कोमल धैवत, तीव्र मध्यम अशी उतरंड लागते. मग पंचम घेऊन पुन्हा कोमल धैवत. यातली षड्ज-तीव्र मध्यमाची जोडी महत्त्वाची. १३ फेब्रुवारी १९७० रोजी प्रसिद्ध झालेल्या ‘ब्लॅक सॅबथ’च्या पहिल्या अल्बमचं पहिलं गाणं याच अंतरावर उभं आहे, आणि मेटलचा जन्म बहुतेक अभ्यासक तिथूनच मोजतात. आपल्याकडे मारव्यात हाच मध्यम संध्याकाळची हुरहुर लावतो. युरोपीय कानाला मात्र हे अंतर जुन्या काळापासून अस्वस्थ करत आलं आहे.

‘ब्लॅक सॅबथ’चा गिटारवादक टोनी आयॉमी बर्मिंगहॅममध्ये पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. सतराव्या वर्षी, नोकरीच्या शेवटच्या दिवशी, यंत्रात त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं तुटली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात नेमका हाच. प्लास्टिकची बाटली वितळवून त्याने बोटांना टोपणं केली, त्यांवर चामडं चिकटवलं, पातळ तारा लावल्या आणि पुढे तर तारा चक्क सैल करून सूर खाली उतरवले. मेटलचा तो जड, खर्जातला आवाज काही अंशी या अपघाताची देणगी आहे. उणिवेशी झगडून निघालेलं हे संगीत आहे, आणि म्हणूनच उणिवेच्या यंत्रावर ते तगलं, असं माझं मत.

कारण १९९३च्या संगणकाला गिटार ठाऊकच नव्हती. आमच्यासारख्या बहुतेक घरांतल्या साउंड कार्डावर यामाहाची एफएम चिप असे. स्टॅनफर्डच्या जॉन चाउनिंगने शोधलेल्या पद्धतीने ती एका लहरीने दुसरी लहर थरथरवून आवाज घडवी. जुन्या चिपवर एका वेळी फक्त नऊ. त्यांतून ढोल, बेस, गिटार सगळं भागवायचं. ऐकू येई ते डब्यात कोंडलेल्या भुंग्यासारखं! तरी ते मेटल आहे हे पहिल्या दोन सेकंदांत कळायचं, कारण रिफ वाद्यावर अवलंबून नसते. शिवाय गेमचं संगीत पातळी संपेपर्यंत फिरत राहतं. सुरावट असती तर ती दहाव्या फेरीला विटली असती. रिफ मात्र आवर्तनासाठीच जन्मलेली.

हे संगीत रचणारा बॉबी प्रिन्स वकिलीचं शिक्षण घेतलेला. जॉन रोमेरोने त्याच्यापुढे मेटलचे अल्बम ठेवले आणि असं काहीतरी हवं म्हणाला. कायदा ठाऊक असल्याने कुठवर जवळ जायचं हे प्रिन्सला नेमकं कळत असावं. मेटॅलिकाचे चाहते आजही आपल्या ओळखीच्या जागा त्यात दाखवतात. सगळ्याच पातळ्यांना मेटल शोभणार नाही, असंही त्याचं म्हणणं होतं, म्हणून मधूनमधून नुसती दबा धरून बसलेली शांतता येते. मूळ ‘डूम’मध्ये बंदूक पुन्हा भरायला थांबावं लागत नाही. खेळाडू सुसाट धावतो, आणि हात रिफच्या लयीत कधी गेला हे त्यालाही कळत नाही.

याच्या उलट उदाहरण म्हणजे २००९चा ‘ब्रूटल लेजंड’. टिम शेफरने मेटलवरच्या निखळ प्रेमापोटी तो केला. ऑझी ऑझबर्न, रॉब हॅलफर्ड, लेमी, लिटा फोर्ड यांनी आवाज दिले. डोंगरदऱ्या अल्बमांच्या वेष्टनांवरून उचललेल्या. नायक गायक नसून रंगमंचामागे वाद्यं वाहणारा ‘रोडी’ आहे, ही कल्पना मला फार आवडते. पण ऐन रंगात आल्यावर खेळाडूला सैन्य मांडून हुकूम सोडत बसावं लागतं, आणि खरी गाणी मागे वाजत असूनही हात थंडावतो. मेटलचा चेहरा, विनोद, वंशावळ सगळं आहे. धक्का कमी पडतो.

२०१६च्या नव्या ‘डूम’च्या वेळी मिक गॉर्डन या ऑस्ट्रेलियन संगीतकाराला सुरुवातीलाच बजावलं होतं: गिटार नको, ते आता हास्यास्पद वाटेल. त्याने साध्या लहरी आणि नुसती खरखर घेऊन ती गिटारच्या पेडलांच्या रांगांमधून पिळून काढली. आवाज यंत्राचा, गुरगुर मेटलची. म्हणजे जुन्या चिपने नाइलाजाने केलं ते याने हौसेने केलं. मग हळूच गिटार आलीच. तीही नऊ तारांची, नेहमीपेक्षा तीन तारा जास्त, म्हणजे षड्ज आणखी खाली.

वडील तोवर नव्हते. भावाने मला फोनवर तो तुकडा ऐकवला आणि विचारलं, “मध्यम लागतोय का रे?” मी पेटी काढून बसलो, खालचा सूर मात्र आमच्या पेटीच्या पट्टीत सापडला नाही.