आकाशातली दस्तुरी

गिऱ्हाइकाला देतात ती सूट, आणि गिऱ्हाइकाच्या माणसाला देतात ती दस्तुरी. जुन्या पेठांतल्या लोकांना हा फरक समजावून सांगावा लागत नसे. शेटजींचा नोकर यादी घेऊन वाण्याकडे जाई. वाणी माल बांधून देई आणि नोकराच्या हातावर गुपचूप आणा-दोन आणे ठेवी. पैसा शेटजींचा, पाय नोकराचे, आणि दुकान कोणते गाठायचे हे ठरविणाराही नोकरच! अमेरिकेतील विमान कंपन्यांनी १९८१ साली जी मैलांची योजना काढली, तिचे मर्म आम्हांला या दस्तुरीत दिसते.

गिऱ्हाईक बांधून ठेवण्याची कल्पना तशी जुनी. स्पेरी अँड हचिन्सन या अमेरिकन कंपनीने १८९६ साली हिरवी तिकिटे काढली. दुकानदार ती खरेदीवर देत, गृहिणी ती वह्यांत चिकटवीत आणि भरलेल्या वह्यांच्या बदल्यात घरात दिवा किंवा भांडे येई. विमान कंपन्यांना मात्र असल्या युक्त्यांची निकड नव्हती. १९३८ पासून सिव्हिल एअरोनॉटिक्स बोर्ड हे सरकारी मंडळ भाडेही ठरवी आणि कोणी कोठून कोठे उडायचे तेही ठरवी. भाव बांधलेला, मार्ग बांधलेला. चढाओढ उरली ती जेवणात आणि आदबीत. २४ ऑक्टोबर १९७८ रोजी राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी नव्या कायद्यावर सही केली आणि हे कुंपण मोडावयास सुरुवात झाली. नव्या कंपन्या स्वस्त भाड्याने बाजारात उतरल्या. जुन्यांपुढे प्रश्न पडला : गिऱ्हाईक टिकवायचे कसे?

उत्तर सापडले ते एका यंत्रात. अमेरिकन एअरलाइन्सने आयबीएम कंपनीच्या साहाय्याने 'सेबर' नावाची संगणक-व्यवस्था उभी केली होती. १९६० च्या सुमारास ती सुरू झाली तेव्हा तिचे काम एवढेच, की कोणत्या विमानात किती जागा उरल्या ते क्षणात सांगावे. परंतु आरक्षण करताना प्रवासी आपला टेलिफोन नंबर देत असे. तेच तेच नंबर पुन्हा पुन्हा कोठे येतात, हे कंपनीने यंत्राकडून हुडकून घेतले. वारंवार उडणारी माणसे कोण, हे कंपनीला अशा रीतीने कळले. त्या लाखाहून अधिक लोकांना घरबसल्या पत्रे गेली : तुम्ही सभासद झालात, हा तुमचा क्रमांक! अर्ज नाही, वर्गणी नाही. वर्गणीसाठी फाटकाफाटकावर उभे राहण्यात आमची निम्मी हयात गेली, त्यामुळे या सभासद-नोंदणीचे आम्हांस फार कौतुक वाटते.

योजनेचे नाव 'अ‍ॅडव्हांटेज'. ती सुरू झाली त्या दिवसाची तारीख १ मे १९८१. आम्हां कामगारांना ही तारीख निराळ्या कारणाने पाठ आहे. रॉबर्ट क्रँडॉल यांच्या कंपनीने ती काही आमच्यासाठी निवडली नव्हती, हे उघडच आहे. टेक्सास इंटरनॅशनल या कंपनीने १९७९ साली मैल मोजण्याचा लहानसा प्रयोग केला होता, तेही नमूद केले पाहिजे. तथापि रान पेटले ते 'अमेरिकन'मुळे. आठवड्याच्या आतच युनायटेडने आपली योजना जाहीर केली. डेल्टा आणि टीडब्ल्यूए त्याच वर्षी मागोमाग आल्या.

आता हिशेब पाहा. विमान उडाले की रिकाम्या खुर्चीची किंमत संध्याकाळी उरलेल्या भाजीइतकी. ती कोणाला फुकट दिली तर कंपनीचे जाते थोडके, घेणाऱ्याला मात्र शेकडो डॉलरांचे घबाड वाटते. आणि कामाकरिता हिंडणाऱ्या माणसाचे तिकीट काढतो त्याचा मालक, मैल मात्र जमतात माणसाच्या नावावर. मग दुसऱ्या कंपनीचे तिकीट स्वस्त असले तरी तो आपल्याच कंपनीने का जाणार नाही? अमेरिकन सरकारने आपल्या नोकरांना सरकारी प्रवासाचे मैल बरीच वर्षे घेऊ दिले नाहीत. २००१ च्या डिसेंबरात कायदा करून ते मोकळे केले. पुढल्याच वर्षी प्राप्तिकर खात्यानेही सांगून टाकले, की असल्या मैलांवर आम्ही कर मागत नाही. दस्तुरीला राजमान्यता मिळाली!

हॉटेलांचेही दुखणे तेच, कारण रात्र उलटली की रिकामी खोली वाया. हॉलिडे इन आणि मॅरिएट या दोघांनी १९८३ साली आपापल्या योजना काढल्या. १९८७ साली सिटीबँकेचे कार्ड आले आणि विमानात पाऊल न टाकताही मैल मिळू लागले. १९९९ साली कॅलिफोर्नियातील एका इंजिनियराने खाद्यपदार्थांच्या वेष्टनांवर मैल मिळतात हे पाहून पुडिंगचे बारा हजारांवर डबे विकत घेतले. खर्च सुमारे तीन हजार डॉलर, मैल साडेबारा लाख. पुडिंग त्याने धर्मादाय संस्थेला दिले, आणि वेष्टने सोलून देण्याचे काम तिच्याच स्वयंसेवकांकडून करून घेतले. अक्कल जबर खरी. पण श्रम कोणाचे, ही आमची खोड जात नाही.

कारण याच काळात विमानधंद्यातील कामगारांचे काय चालले होते? ३ ऑगस्ट १९८१ रोजी विमानवाहतूक नियंत्रकांनी संप केला. दोनच दिवसांनी रेगन यांनी अकरा हजारांहून अधिक जणांना बडतर्फ केले. १९८३ साली अमेरिकन एअरलाइन्सने युनियनांकडून दुहेरी वेतनश्रेणी मान्य करून घेतली. जुन्या नोकरांचे वेतन कायम, आणि नव्या माणसाला त्याच कामाचे दाम पुष्कळ कमी. त्याच वर्षी काँटिनेंटलने दिवाळे जाहीर करून युनियनचे करार झुगारले. प्रवाशाच्या निष्ठेची मैलामैलाने नोंद होत होती, त्याला वरचा दर्जा मिळत होता. आणि त्याच विमानात खाणे वाढणारी नवी मुलगी शेजारणीपेक्षा कमी पगारावर राबत होती.

प्रवाशाची निष्ठा तरी कितपत सुरक्षित? १९८८ साली 'अमेरिकन'ने नियम बदलले. आधी जमविलेल्या मैलांवरही नवी बंधने घातली. सभासद कोर्टात गेले. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने निवाडा दिला, की दिलेला करार मोडल्याची फिर्याद चालेल, पण राज्याच्या ग्राहक-कायद्याखालची चालणार नाही. हा निवाडा प्रत्येक युनियन कार्यकर्त्याने वाचण्याजोगा आहे. करारात लिहिले तेवढेच आपले, बाकी मालकाची मर्जी. २०१५ साली डेल्टा आणि युनायटेड यांनी अंतराऐवजी भाड्याच्या पैशांवर मैल मोजावयास सुरुवात केली. लांबचे स्वस्त तिकीट काढणारा साधा प्रवासी मागे पडला.

साथीच्या काळात विमाने जमिनीवर उभी असताना या योजनांची खरी किंमत उघड झाली. २०२० साली युनायटेडने आपली मैलांची योजना गहाण टाकून ६८० कोटी डॉलर उभे केले. २०२१ साली 'अमेरिकन'ने १००० कोटी. आमच्या मुंबईत जेट एअरवेजने १७ एप्रिल २०१९ ला शेवटचे उड्डाण केले. कामगारांचे महिनोन्महिन्यांचे पगार थकलेले होते. तिची गुणांची योजना मात्र निराळ्या कंपनीच्या नावावर होती. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात तिने नवे नाव धारण केले, आणि प्रवाशांचे साठलेले गुण चालू राहिले.